चिकटलेले पॉइंट

गीझरचा रिले म्हणजे पाणी तापवणाऱ्या एलिमेंटची वीज जोडणारा-तोडणारा, विजेवरच चालणारा स्विच. तो दोनच तऱ्हांनी बिघडतो. एकतर तो लागत नाही, नाहीतर सुटत नाही. लागला नाही तर पाणी गार राहतं आणि सकाळी साडेसहाला माझा फोन वाजतो. नाशिकला डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या खाली उतरतो. घरात तान्हं मूल किंवा वयस्कर माणूस असेल तर त्यांची अडचण खरीच असते आणि मी हातातलं काम सोडून जातो.

सुटला नाही तर मात्र फोन येतच नाही. पाणी तापतंय ना? उलट नेहमीपेक्षा जास्तच तापतंय. घरचे लोक बादलीत गार पाणी जरा जास्त सोडतात, आंघोळ उरकतात आणि आपापल्या कामाला लागतात. कुणीतरी कौतुकानेही सांगतं, "हल्ली आमचा गीझर अगदी कडकडीत पाणी देतो." गीझर आणि गरम पाण्याच्या टाक्यांचे कंट्रोल बोर्ड दुरुस्त करण्यात माझी बरीच वर्षं गेली. हे वाक्य ऐकलं की मी आधी मेन स्विच बंद करायला सांगतो आणि मगच पुढचं बोलतो.

साध्या, गोल नॉबच्या गीझरमध्ये रिले नसतोच. तिथे थर्मोस्टॅटचे, म्हणजे तापमान बघून चालणाऱ्या स्विचचे, पॉइंटच एलिमेंटचा प्रवाह जोडतात आणि तोडतात. रिले येतो तो आकडे दाखवणाऱ्या, टायमरवर किंवा मोबाइलवरून चालणाऱ्या गीझरमध्ये. हॉटेल-वसतिगृहांच्या मोठ्या टाक्यांवर त्याचा थोरला भाऊ असतो, कॉन्टॅक्टर. आकार वेगळे, तत्त्व तेच. केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेची कॉइल, मध्ये लोखंडी गाभा, वर एक पत्ती, तिला मागे खेचणारी स्प्रिंग आणि चांदीच्या मिश्रधातूचे दोन पॉइंट. कॉइलला वीज मिळाली की गाभ्याचं चुंबक होतं, पत्ती ओढली जाते, पॉइंट जुळतात, टक असा आवाज येतो. बारा व्होल्टच्या छोट्या निळ्या रिलेची कॉइल जेमतेम ३० मिलिॲम्पिअर घेते आणि तेवढ्यावर पॉइंटमधून ८-१० ॲम्पिअर सोडते. जोसेफ हेन्री या अमेरिकन शास्त्रज्ञाने १८३५ च्या सुमारास ही युक्ती दाखवली. पुढे दूरवरून क्षीण होत आलेला तारेचा संदेश ताज्या बॅटरीच्या जोरावर पुढे पाठवायला ती वापरली गेली. जवळजवळ दोन शतकं झाली, मूळ रचना बदललेली नाही. मला या साधेपणाबद्दल मनापासून आदर आहे. एवढ्या थोड्या भागांत एवढं काम करणारी वस्तू माझ्या कामाच्या टेबलावर दुसरी नाही.

तिचं आयुष्य मात्र दोन आकड्यांत मोजावं लागतं, आणि दुकानात सांगितला जातो तो पहिलाच. पत्तीची नुसती उघडझाप साधारण एक कोटी वेळा होऊ शकते. पण पूर्ण भार वाहत असताना? बहुतेक छोट्या रिलेंसाठी उत्पादक एक लाख हा आकडा देतात. शंभरपट फरक आहे तो ठिणगीमुळे. पॉइंट सुटताना त्यांच्यामध्ये ठिणगी ताणली जाते आणि दर वेळी धातूचा कण-कण जाळून नेते. आपल्याकडची वीज सेकंदाला शंभर वेळा शून्यातून जाते, म्हणून ठिणगी लवकर विझते. ती सोय नसती तर गीझर रिलेवर चालवणं अवघडच झालं असतं.

एक लाख हा आकडा ऐकायला मोठा वाटतो. दिवसातून दहा वेळा लागला-सुटला तर सत्तावीस वर्षं पुरतो. पण पाणी अगदी अमुकच अंशावर हवं म्हणून बोर्डात लागण्याच्या आणि सुटण्याच्या तापमानात अर्ध्या अंशाचाच फरक ठेवला, रिले दर पाच मिनिटांनी टकटक करू लागला, तर दिवसाला २८८ वेळा होतं आणि लाखाचा हिशेब वर्षाच्या आत संपतो. पाणी ५९ अंश आहे की ६० हे आंघोळ करणाऱ्याला कळत नाही. रिलेला कळतं. माझ्याकडे सेटिंग आलं तर मी निदान पाच-सहा अंशांचा फरक ठेवतो. ग्राहक विचारतो, आकडा खाली का आला? मी त्याला हेच सगळं सांगतो.

खरं तर एलिमेंटइतका सोशिक भार रिलेला दुसरा मिळत नाही. जुना पिवळा बल्ब लागताना क्षणभर दहापट प्रवाह ओढतो, मोटर पाच-सहापट. गीझरच्या एलिमेंटमधली नायक्रोमची तार थंड असो की गरम, जवळपास तेवढाच प्रवाह घेते. दोन किलोवॉटला २३० व्होल्टवर ८.७ ॲम्पिअर, तीन किलोवॉटला तेरा. मग पॉइंट चिकटतात कशाने?

सगळ्यात जास्त वेळा मला दिसलेलं कारण म्हणजे रिलेवर लिहिलेल्या दहा ॲम्पिअरवर टाकलेला आंधळा विश्वास. तो आकडा मोकळ्या हवेतला असतो. बाथरूममध्ये, बंद डबीत, गरम टाकीला खेटून बसलेल्या रिलेला ८.७ ॲम्पिअर अर्धा-अर्धा तास वाहायला लावायचे, तर हाताशी काहीच शिल्लक राहत नाही. तीन किलोवॉटच्या एलिमेंटवर तर तो लावूच नये, पण लावलेला मी पाहिला आहे. आणि रोधाचा हिशेब क्रूर आहे. ताज्या पॉइंटचा रोध एक शतांश ओहम धरला, तर तेरा ॲम्पिअरला तिथे पावणेदोन वॉट उष्णता होते. पॉइंट काळवंडून तोच रोध एक दशांश झाला की सतरा वॉट. मसुराच्या डाळीएवढ्या धातूवर सतरा वॉट! मी २५ वॉटच्या सोल्डरिंग आयर्नने दिवसभर कथील वितळवतो, त्यावरून विचार करा. चांदी मऊ पडते, स्प्रिंगची ताकद उतरते आणि एक दिवस पत्ती मागे यायची ती येत नाही.

दुसरं कारण व्होल्टेजचं. रिले ओढायला कॉइलला ठरल्या व्होल्टेजच्या पाऊणपट तरी लागतं. गावाकडच्या फीडरवर, म्हणजे वीज पुरवणाऱ्या लाइनवर, संध्याकाळी पंप सुरू झाले की दिवे मिणमिणतात, आणि त्या वेळी कॉइल धड ओढतही नाही, धड सोडतही नाही. पॉइंट थरथरतात. त्या तडतडीत दर सेकंदाला कित्येक ठिणग्या पडतात. लाखाच्या हिशेबातले हजारो घास एका संध्याकाळी संपतात. कॉन्टॅक्टर अशा वेळी मोठ्याने घुरघुरतो, म्हणून कळतं तरी. छोटा रिले डबीच्या आत गप्प जळतो.

मग किडामुंगी. शेतातल्या पंपाच्या स्टार्टरमध्ये पाल जाऊन चिकटल्याचं ज्यांनी पाहिलंय त्यांना हे नवं नाही. गच्चीवरच्या सोलर हीटरच्या कंट्रोल पॅनेलमध्ये, कॉन्टॅक्टरच्या उबेला, मुंग्या वस्ती करतात. चिरडलेल्या मुंग्यांच्या वासाने आणखी मुंग्या येतात. पॉइंटमध्ये त्यांची काळी पूड बसते. हार्वर्डच्या मार्क टू या रिलेंवर चालणाऱ्या गणकयंत्रात ९ सप्टेंबर १९४७ रोजी एक पतंग रिलेत अडकलेला सापडला होता. तो नोंदवहीत चिकटवून ठेवला आहे आणि वही वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयाकडे आहे. संगणकवाल्यांना ती गोष्ट गमतीची वाटते. माझ्यासाठी ती रोजची आहे. पॅनेलच्या तळाचं वायरीचं भोक ग्रोमेट (रबरी कडं) लावून बंद करणं हे पाच मिनिटांचं काम आहे आणि त्याने जेवढे कॉन्टॅक्टर वाचतात तेवढे कुठल्याही महागड्या ब्रँडने वाचत नाहीत.

लागत नाही त्या बिघाडांबद्दल थोडंच सांगतो, कारण ते माणसाला फक्त गारठवतात. त्यात रिले बहुतेकदा निर्दोष असतो. बोर्ड उलटा केला की रिलेच्या पायाभोवती बारीक गोल चीर दिसते. जड प्रवाहाने तापून-निवून कथील सुटलेलं असतं. किंवा ट्रान्सफॉर्मरऐवजी कपॅसिटरवर चालणाऱ्या स्वस्त बोर्डात तो कपॅसिटर वर्षागणिक झिजतो, बारा व्होल्टचे आठ होतात, स्क्रीन छान उजळलेली आणि कॉइल मात्र ओढत नाही. नवा रिले टाकून उपयोग नसतो. कपॅसिटर बदलला की तोच जुना रिले टक म्हणतो.

आता सुटत नाही त्याकडे येतो, कारण मला खरं सांगायचंय ते तिथे आहे.

आमच्या घरी तांब्याचा बंब होता. त्यात घातलेलं लाकूड संपायचं. बंबाचं तोंड उघडं, त्यामुळे पाणी फार तर उकळायचं, वाफ निघून जायची. गीझरचं सरपण संपत नाही आणि त्याची टाकी बंद असते. पंधरा लिटर पाणी २५ वरून ६० अंशांवर न्यायला दोन किलोवॉटच्या एलिमेंटला अठरा मिनिटं लागतात. रिले सुटला नाही, तर तिथून शंभरला पोचायला आणखी एकवीस मिनिटं. दाढी करून, पेपर चाळून होतो तेवढ्यात. स्वयंपाकघरात बसवतात त्या तीन लिटरच्या, तीन किलोवॉटच्या गीझरचं गणित तर अंगावर काटा आणणारं आहे. नळ बंद असेल तर पन्नासवरून शंभरपर्यंत साडेतीन मिनिटं.

आणि बंद टाकीत शंभरला पाणी उकळतही नाही. उंच इमारतीत वरची टाकी तीस मीटरवर असेल, तर खालच्या मजल्यावरच्या गीझरमधलं पाणी १४४ अंशांच्या आसपास जाईपर्यंत पाणीच राहतं. अशी टाकी फाटली तर दाब एकदम सुटतो आणि त्या पंधरा लिटरमधलं किलोहून जास्त पाणी एका क्षणात वाफ होतं. जवळपास दोन घनमीटर वाफ, छोट्या बाथरूमचा तिसरा हिस्सा. एवढं टोकाचं क्वचित घडतं. रोज घडण्याजोगं आहे ते भाजणं. साठ अंशांच्या पाण्याने मोठ्या माणसाची कातडी पाचेक सेकंदांत भाजते, लहान मुलाची त्याहून लवकर. ८५-९० अंशांचं पाणी नळातून आलं तर हात मागे घ्यायलाही सवड मिळत नाही.

ही वेळ येऊ नये म्हणून गीझरमध्ये थर्मल कटआउट असतो. थर्मोस्टॅट किंवा रिलेपासून वेगळा, स्वतःची पत्ती असलेला. नव्वदीच्या पुढे पाणी गेलं की तो उडतो आणि हाताने बटण दाबल्याशिवाय पुन्हा लागत नाही. त्याच्याही मागे दाब सोडणारा व्हॉल्व्ह आणि वितळणारा प्लग. आपल्याकडच्या साठवणीच्या गीझरसाठी आयएस २०८२ हे मानक आहे. पाणी तापवणारा वेगळा आणि जास्त तापलं तर तोडणारा वेगळा, ही विभागणी ज्यांनी पहिल्यांदा केली त्यांचे उपकार आहेत आपल्यावर.

पण पुढे काय होतं ते बघा. पॉइंट चिकटतात. तक्रार नाही. पाणी तापत जातं, कटआउट उडतो, गीझर बंद पडतो. आता तक्रार येते: "गीझर चालू होत नाही." वायरमन येतो, टेस्टर लावतो. रिलेपर्यंत फेज आहे, रिलेच्या पुढेही आहे, म्हणजे रिले ठीक. कटआउटच्या पुढे फेज नाही, म्हणजे कटआउट गेला. दोन्ही निष्कर्ष चुकीचे आहेत, आणि दोन्ही टेस्टरने सिद्ध झालेले आहेत. तो बटण दाबतो, गीझर चालू होतो. दोन दिवसांनी पुन्हा फोन. मग सुट्या भागांच्या दुकानात तसा कटआउट मिळत नाही, आंघोळी खोळंबलेल्या असतात, आणि तो म्हणतो, "तात्पुरतं डायरेक्ट करून देतो."

डायरेक्ट म्हणजे कटआउटची दोन टोकं एकमेकांना जोडून टाकायची. रिले चिकटलेला आहे, त्यावर नजर ठेवून वीज तोडणारा एकमेव पहारेकरी काढून टाकला आहे आणि घरच्यांना वाटतंय दुरुस्ती झाली. असे गीझर माझ्याकडे येतात. चिकटपट्टी पिवळी पडलेली असते, म्हणजे ते 'तात्पुरतं' वर्षानुवर्षं चाललेलं असतं. त्या वायरमनवर मी रागावत नाही. घाई असते, सुटा भाग मिळत नाही, शंभर-दोनशे रुपयांत काम करून द्यायचं असतं, आणि चिकटलेला रिले ओळखायला त्याला कुणी शिकवलेलं नसतं. ओळखणं सोपं आहे. मेन बंद करा, म्हणजे कॉइललाही वीज राहत नाही, आणि पॉइंटच्या दोन्ही टोकांना मीटर लावा. बीप वाजला की रिले गेला. कधीकधी डबीवर टिचकी मारली की पॉइंट सुटतात आणि मीटर गप्प होतो. तेव्हाही रिले गेलेलाच समजायचा. एकदा चिकटलेला पुन्हा चिकटतो. पॉलिशपेपरने घासून परत लावण्याचा मोह मोठ्या कॉन्टॅक्टरमध्ये फार होतो. वरचा चांदीचा थर निघतो, खालचं तांबं उघडं पडतं आणि पुढची खेप लवकर येते.

एका मुलींच्या वसतिगृहात तीनशे लिटरची टाकी होती. तीन एलिमेंट, प्रत्येकी तीन किलोवॉट, तिन्ही फेजवर एकेक, न्यूट्रल समाईक. कॉन्टॅक्टरचा एकच पॉइंट चिकटला होता. त्यामुळे पॅनेलवर सगळं बरोबर दिसायचं. कॉइल सुटली, 'हीटिंग'चा दिवा विझला, कारण तो कॉइलवर जोडलेला होता. एक एलिमेंट मात्र रात्रभर चालू. तीनशे लिटरला तीन किलोवॉट म्हणजे एक अंश चढायला सात मिनिटं, साठवरून शंभरपर्यंत पावणेपाच तास. रात्री अकराला टाकी बंद केली असं समजून वॉचमन झोपायचा. पहाटे पावणेचारपर्यंत पाणी उकळीच्या जवळ आलेलं. तिथला कटआउट आपोआप परत लागणाऱ्या जातीचा होता, म्हणून तो उडायचा, थोडं निवलं की लागायचा, पुन्हा उडायचा. पहारेकरीच बिघाड झाकत होता. हे उघडकीला आलं ते वीजबिलामुळे आणि एका मुलीच्या भाजलेल्या पायामुळे. तो पाय मी पाहिला आहे. तेव्हापासून या विषयावर मी थांबून, वेळ काढून बोलतो, समोरचा कंटाळला तरी.

रिलेऐवजी सॉलिड स्टेट (हलणारे भाग नसलेला, इलेक्ट्रॉनिक) रिले लावा, त्याला पॉइंटच नसतात, असं हल्ली बरेच तरुण सुचवतात. पॉइंट नसतात हे खरं. पण तो जळतो तेव्हा बहुतेकदा शॉर्ट होऊनच जळतो, म्हणजे तोही सुटत नाही. शिवाय तेरा ॲम्पिअरला त्याच्यावर पंधरा-सोळा वॉट उष्णता होते, तिच्यासाठी मोठं हीटसिंक, म्हणजे उष्णता हवेत सोडणारा धातूचा ठोकळा, हवं. मला त्याचं वावडं नाही. त्याच्या भरवशावर कटआउट काढणाऱ्याचं आहे.

माझी पद्धत अशी आहे. बोर्डावरच्या छोट्या रिलेने एलिमेंट चालवायचंच नाही. त्याने फक्त पंचवीस ॲम्पिअरच्या कॉन्टॅक्टरची कॉइल चालवायची. कॉन्टॅक्टर दोन पोलचा, फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा, कारण जुन्या घरांत सॉकेटमध्ये फेज-न्यूट्रल उलटे निघतात आणि मग रिले सुटूनही एलिमेंटवर फेज राहतो. मागे ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळाली की पुरवठा तोडणारा स्विच. कटआउट हाताने लावायचा, आपोआप लागणारा नको. आणि दिवा कॉइलवर नाही, थेट एलिमेंटवर. घरी तुम्हाला एवढंच करायचंय: गीझर चालू करून, नळ न सोडता, पाणी तापू द्या. 'हीटिंग'चा दिवा विझला पाहिजे. पण तो दिवा कुठे जोडलाय हे माहीत नसेल तर घरातलं बाकी सगळं बंद करून वीजमीटरवरचा लुकलुकणारा दिवा बघा. पाणी तापल्यावर तो जवळजवळ थांबला पाहिजे. तसाच भराभर लुकलुकत राहिला तर मेन बंद करा आणि रिले तपासून घ्या.

त्या वसतिगृहात आता एकामागे एक दोन कॉन्टॅक्टर आहेत. पहिला टाकी चालू-बंद करतो. दुसरा एरवी लागलेलाच असतो आणि फक्त कटआउटच्या सांगण्यावरून सुटतो, त्यामुळे त्याचे पॉइंट झिजतच नाहीत. तो सुटला की अधीक्षकांच्या खोलीत लाल दिवा लागतो. दिव्याखाली मी ठळक अक्षरांत पट्टी लावली आहे: "हा दिवा लागला तर बटण दाबू नका. टाकीचा मेन बंद करा. आधी पहिला कॉन्टॅक्टर तपासा."